दुपदरी माळ

नागोराव गेल्याचं मला त्याच्याच वर्गात कळलं. तो आजारी पडल्यापासून नववीचा त्याचा विज्ञानाचा तास माझ्या गळ्यात पडला होता. मी मराठीचा मास्तर, विज्ञानात माझा उजेड काय पडणार? पोरं गप्प बसावीत म्हणून नुसता उभा राहायचो, आणि माझ्या पाठीमागे फळ्यावर त्यानं शेवटच्या तासाला काढलेलं यकृत असायचं. मोठं, तिरपं, विटकरी खडूनं भरलेलं, खाली हिरव्या खडूची पित्ताची पिशवी. मी ते पुसा म्हणून सांगितलं नव्हतं आणि पोरांनीही त्याला हात लावला नव्हता. मला काही लिहायचं झालं तर मी कोपऱ्यात लिहायचो. त्या दिवशी शिपाई दाराशी आला आणि आत न येता त्यानं टोपी काढली... पुढचं सांगायची गरजच उरली नाही. पोरं माझ्याकडे बघत होती. मी वळून फळ्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, मला त्या चित्राची भीती वाटली.

आम्ही दोघं एकाच गावचे. पालमच्या अलीकडे फाट्यावर उतरून चालत आलं की आमचं गाव लागतं. एका पाटीवर शिकलो आणि शेवटी एकाच शाळेत मास्तर झालो. तो परभणीला कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झाला तेव्हा गावाला वाटलं, आता हा काही परत येत नाही. पण तो आला, आणि आल्यावर त्याच्या वाट्याला शाळेबरोबर आणखी एक काम आलं. त्याची आई काविळीची माळ द्यायची. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दुसरीकडच्या वाचकांसाठी सांगतो. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवायचे आणि ती लहानशी माळ काविळीच्या माणसाच्या डोक्यावर टोपीसारखी बसवायची. दिवस जातात तशी माळ लांबते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटावर, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली. नियम कडक असतात. देणाऱ्यानं नारळसुद्धा घ्यायचा नाही, आल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. घालणाऱ्यानं माळ हातानं काढायची नाही, आणि ती अंगावर असेपर्यंत गावची वेस ओलांडायची नाही. आई गेली आणि पहिल्याच गुरुवारी लोक सवयीनं ओट्यावर येऊन बसले. बी.एस्सी. झालेला नागोराव आतून दोरा घेऊन बाहेर आला.

मी त्याच्यावर चिडलो होतो. शाळेत हा माणूस पोरांना काय शिकवायचा! खाटकाकडून बकऱ्याची कलेजी आणायचा. खाटीक एरवी ती हिरवी पिशवी जपून कापून फेकतो, कारण ती फुटली तर सगळं मटण कडू होतं. नागोराव पिशवीसकट मागून घ्यायचा. मग दोन बाटल्यांत पाणी घ्यायचं, दोन्हींत करडीचं तेल टाकायचं आणि हलवायचं. पहिल्या बाटलीत तेल पुन्हा वर येऊन बसायचं. दुसरीत तो पित्ताचे थेंब सोडायचा, आणि तेल पाण्यात असं मिसळून जायचं की पोरं ‘दूध झालं, दूध झालं’ म्हणून ओरडायची. आंबट ढेकर आल्यावर कुणी ‘सर, पित्त झालंय’ म्हटलं की याचं डोकं फिरायचं. “पित्त व्हायला कशाला पाहिजे? ते रोजच होतंय. काळजात म्हंजे यकृतात तयार होतंय, आतड्यात जातंय. तुझ्या घशाशी आलंय ते आम्ल हाय!” मुख्याध्यापकांनासुद्धा त्यानं एकदा हे ऐकवलं होतं. मुख्याध्यापकांनी ढेकर दाबून ऐकून घेतलं.

त्याची एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराच्याही डोक्यात पक्की बसली. तो म्हणायचा, “लग्नाची पंगत बघितली का? वाढपी बादली भरून पंगतीत नेतो. वरण ताटात पडतं, पण बादली ताटात पडती का? रिकामी बादली चुलीकडं परत येती, पुन्हा भरती, पुन्हा जाती. काळीज म्हंजे आचाऱ्याची चूल. पित्तातले क्षार ह्या बादल्या. जेवलं की पंगतीत जायच्या, तेल-तूप वितळवायचं काम करायचं, आणि आतड्याच्या शेवटी गेल्या की रक्तातून माघारी काळजाकडं. एखाददुसरी हरवती, तेवढीच नवी घडवायची. शरीर लय चिकट हाय रे, कामाची चीज फेकत न्हाई.” आणि पिवळा रंग? तो जुन्या रक्ताचा. रक्त म्हातारं होऊन मोडतं, त्याचा रंग काळीज गोळा करतं आणि पित्तात सोडून देतं. तोच रंग शेवटी संडासला दिसतो. वाट मोकळी असली तर बाहेर जातो. वाट तुंबली तर माघारी रक्तात शिरतो, डोळे हळदीसारखे होतात, लघवी काळपट होते, आणि खाली मात्र संडास पांढरी, चिकणमातीसारखी... हे सांगताना त्याचा आवाज खाली यायचा.

एवढं कळणारा माणूस गुरुवारी माळा ओवत बसतो, याचा मला राग होता. एकदा मी तोंडावर बोललो. तो आत गेला, पाण्याची घागर उपडी घातली आणि तिच्यावर एक माळ बसवून फडताळात ठेवून दिली. पुढच्या गुरुवारी मला दाखवली. माळ घागरीच्या गळ्यातून उतरून खाली पडली होती. “काड्या वाळत्यात, आकसत्यात. गाठी ढिल्या पडत्यात. घागरीची बी कावीळ उतरली बघ,” म्हणून हसला. मी म्हणालो, “मग लोकांना फसवतोस कशाला?” तेव्हा त्याचं हसू गेलं. “दिगू, मी माळ बंद केली तर हे लोक दवाखान्यात जातील असं वाटायलंय का तुला? डाग देणाऱ्याकडं जातील. तापल्या सळईनं दंड जाळून घेतील. न्हाई तर नाकात रस पिळून घेतील. आपली नेहमीची कावीळ आराम केला, तेलकट सोडलं, तर बहुतेकांची आपसूक जाती. ती माळेनं गेली म्हणू दे की. मला त्याचं सोयरसुतक न्हाई. मला फक्त ते एक इचारायचंय.”

ते एक म्हणजे रंग. माळ घालायच्या आधी तो माणसाला बाजूला घ्यायचा आणि कानाशी विचारायचा, “संडासचा रंग कसा हाय?” बायकांना त्याची बायको, सुभद्रावहिनी, आत नेऊन विचारायच्या. पिवळा म्हटलं की माळ, आराम आणि पथ्य. पांढरा म्हटलं की नागोराव दोरा खाली ठेवायचा. “तुमच्या काविळीला ही माळ चालत न्हाई. देवीची मनाई हाय. परभणीचा मोठा दवाखाना गाठा, आजच्या आज.” देवीचं नाव घ्यायचा आणि चिठ्ठी डॉक्टरच्या नावची द्यायचा! ज्या माणसानं आमचं कधी ऐकलं नसतं, तो देवीच्या मनाईला मान देऊन एस.टी.त बसायचा. वाट तुंबलेले असे कितीतरी जण त्यानं वेळेवर पाठवले. माळ हे त्याचं जाळं होतं. लोक विश्वासानं त्यात यायचे आणि त्यातून दवाखान्यात पोचायचे.

किसन असाच पोचला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याही गावानं बौद्धवाड्याशी बोलणं टाकलं होतं, गिरणीवर त्यांचं दळण घेत नव्हते. एका गुरुवारी त्याच वाड्यातल्या किसनची बायको गयाबाई त्याला धरून घेऊन आली आणि ओट्याच्या खाली, चिखलात उभी राहिली. नागोरावच्या चुलत्यानं पानाची पिंक टाकून म्हटलं, “द्यायची तर लांबून फेक.” नागोराव म्हणाला, “माळ डोक्यावर बसवावी लागती, काका. फेकून बसत असती तर मी परभणीलाच राहून फेकली असती.” खाली उतरला, किसनच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी रंग विचारला. पांढरा निघाला. गाडीबैल द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःची गाडी जुंपली आणि माझ्याकडे बघितलं. मी मागे बसलो. परभणीत किसनच्या पित्ताच्या वाटेतला खडा काढला. महिनोन्‌महिने आम्हा दोघांना गावात कुणी चहा विचारला नाही. तरी गुरुवार मात्र चुकले नाहीत. कावीळ झाली की तीच माणसं मान खाली घालून ओट्यावर यायची.

आता त्याच्या दुखण्याचं सांगतो. हे लिहायला मला जड जातंय. यंदाच्या श्रावणात त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. “झाली वाटतं आपल्याला बी,” म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं. सुरुवातीला रंग ठीक होता. पण सुभद्रावहिनी घाबरल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना माळा ओवून देणारी ती बाई. नवऱ्यासाठी ओवताना तिनं दोरा दुपदरी घेतला आणि प्रत्येक काडीला दोन-दोन गाठी मारल्या. मालकाची माळ मजबूत पाहिजे, मध्येच तुटून अपशकुन व्हायला नको, एवढाच तिचा विचार. सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला तशी तिनं ओट्यावर, चार लोकांसमोर, ती त्याच्या डोक्यावर बसवली. त्यानंही डोकं पुढं केलं. बायकोचं मन कोण मोडतं?

दुपदरी दोरा आणि दुहेरी गाठी. वर श्रावणातली ओल. काड्या वाळेनात, गाठी सुटेनात. माळ जिथल्या तिथं. आणि माळ अशी डोक्यावर असतानाच त्याचा रंग बदलला.

ते त्यानं मला शाळेच्या मागच्या लिंबाखाली सांगितलं. “दिगू, पांढरी झाली.” मी उठूनच उभा राहिलो. म्हटलं, चल, आत्ता चल, गाडी आहे. तो हलला नाही. “डोक्यावर माळ हाय.” मी म्हणालो, “घागरीवरची माळ दाखवणारा तूच ना रे?” तो म्हणाला, “तुला दाखवली. गावाला न्हाई दाखवली. आजपर्यंत कुणाची माळ हातानं काढलेली गावानं बघितली न्हाई. देणाराच काढून दवाखान्यात पळाला म्हटल्यावर पुढच्या गुरुवारी कोण येईल? डाग देणारा बसलाच हाय पलीकडच्या गावात. आणि तिला काय सांगू? तू मारलेल्या गाठीमुळं उतरत न्हाई म्हणू? ऊन पडलं की वाळंल. उतरू दे, मग जाऊ.” मी टॉवेल गुंडाळून चल म्हणालो, शिव्या दिल्या, पाया पडायचं नाटकही केलं. तो हसला. त्याचे दात पिवळ्या चेहऱ्यात फार पांढरे दिसले.

त्यानंतरची खाज... पित्त बाहेर जात नाही म्हटल्यावर ते कातडीखाली उतरतं, असं त्यानंच पोरांना शिकवलं होतं. परत येणाऱ्या बादल्या चुलीपाशी तुंबतात आणि गल्लीभर पसरतात. मी दुपारी भेटायला गेलो की दारातच आवाज यायचा. मक्याच्या कणसाचं दाणे काढलेलं, वाळलेलं बुरकुंड तो अंगावर घासत बसलेला असायचा. खरर्र, खरर्र. बोलताना थांबायचा, ऐकताना पुन्हा सुरू. मी घरी येऊन जेवायला बसलो की तो आवाज ताटापाशी यायचा. माणूस गेल्यावर आवाज जाईल असं मला वाटलं होतं. तो गेला नाही. आजही वर्गात एखादं पोर पाटीवर पेन्सिल ओढतं आणि माझ्या हातातलं पुस्तक खाली येतं.

एका दुपारी किसन त्याला बघायला आला. ओट्यावर न थांबता थेट आत गेला. नागोरावला थंडी वाजून ताप भरला होता, बडबड चालली होती. किसननं मला विचारलं, “रंग?” “पांढरा,” मी म्हणालो. त्यानं नागोरावला पोरासारखं उचललं आणि बाहेर आणलं. चुलते ओरडले, “अरे, माळ हाय! वेशीभाईर न्हेऊ नको!” किसन म्हणाला, “माळंसगट न्हेतो. देवीला म्हणावं माझ्यावर कोप.” वहिनी अनवाणी मागून धावत आल्या. परभणीहून आम्हाला औरंगाबादला पाठवलं. तिथं एका नर्सनं कात्री घेऊन कट्‌कन माळ कापली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

पित्ताच्या वाटेच्या तोंडाशी गाठ होती. मी डॉक्टरांना विचारलं, लवकर आणला असता तर? त्यांनी फोटो पुन्हा उजेडासमोर धरला. “सांगता येत नाही,” म्हणाले. “कदाचित वेळ मिळाला असता. कदाचित नाही.” त्यांनी खरं तेच सांगितलं, पण हे असं उत्तर घेऊन माणसानं राहायचं कसं? चूक होती म्हटलं असतं तर रडलो असतो. नव्हती म्हटलं असतं तर सुटलो असतो. सांगता येत नाही... मी शाळेसाठी परत आलो, आणि मग शिपायानं दारात टोपी काढली.

ज्या भीतीनं तो थांबला, तिचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. तेरावा झाल्यावर पहिला गुरुवार आला. मला वाटलं, ओटा रिकामा असेल. ज्यानं माळा दिल्या तोच काविळीनं गेला म्हटल्यावर कोण फिरकणार? लोक नेहमीपेक्षा जास्त आले. म्हणायला लागले, “सरांनी समद्या गावाची कावीळ आपल्या अंगावर घेतली. देवमाणूस.” मला किंचाळावंसं वाटलं. अरे बाबा, तू माळ काढून गेला असतास तरी हे आले असते! त्यातूनही यांनी काहीतरी अर्थ काढला असता. लोकांचा विश्वास तुला वाटला तितका नाजूक नव्हता रे, नागोराव. तू उगाच जपलास.

ओटा रिकामा झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. चुलीपुढं बसून, माझ्याकडे न बघता विचारलं, “भावजी, एक खरं सांगा. पांढरा रंग झाल्यावर बी त्ये थांबले व्हते ना?” मी होय म्हणालो. “मग माझ्या माळंसाठी थांबले.” मी म्हणालो, लोकांसाठी थांबला. त्यांनी मान हलवली. “त्ये मला बायकांना रंग इचार म्हणायचे. कामून इचारायचा, ते मी कधी इचारलंच न्हाई. मला वाटायचं, देवीची रीत असंल.” मग मी त्यांना पंगतीतल्या बादल्या सांगितल्या, जशा त्यानं सांगितल्या होत्या तशा. चूल, पंगत, माघारी येणं, तुंबणं. घागरीवरची माळही सांगितली. दुहेरी गाठींचं मी बोललो नाही. पण त्या बाईनं आयुष्यभर गाठी मारल्या होत्या. वाळलेल्या काडीची गाठ का सुटते हे कळल्यावर दुपदरी दोऱ्याचं काय होतं, ते तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. “भावजी, चहा ठिवते,” एवढंच म्हणाल्या.

नागोरावच्या जागी आता वहिनी माळा देतात. गेल्या गुरुवारी मी ओट्यावर होतो. आता जातो मी. घरी बसलं की तो आवाज येतो. गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक शेतकरी आला होता. आधीच्या गुरुवारी माळ घालून गेलेला, आता ती त्याच्या गळ्याशी उतरलेली. सोबत त्याचा भाऊ होता. भाऊ कौतुकानं सांगत होता, “बगा वैनी, निम्मी उतरली.” पण तो माणूस बसल्या बसल्या दंड खाजवत होता. वहिनी कामातून उठल्या. बायकांना आत नेऊन विचारायची रीत सोडून, चारचौघांत, परक्या पुरुषाला मोठ्यानं म्हणाल्या, “रंग कसा हाय आता?” तो लाजून जमिनीकडे बघत पुटपुटला, “पांढरा व्हायलाय दोन-चार दिसांपासनं.”

वहिनी पुढं झाल्या. त्याच्या गळ्यातल्या माळेत दोन्ही हात घातले आणि ओढली. दोरा तुटला, काड्या ओट्यावर विखुरल्या. चुलते उभे राहिले. “सुभद्रा! हातानं काढली?”

“काढली,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी नजर खाली घेतली नाही. “माझ्या माणसाची काढली न्हाई मी. ह्यांची काढते.” मग त्या माणसाकडे वळल्या. “ही वाट तुंबल्याली कावीळ हाय. हिला माळ लागू न्हाई, आन् देवीची मनाई बी न्हाई. उठा. परभणीची गाडी गावंल आजून.”

तो भावाकडे बघत होता, भाऊ चुलत्यांकडे. मग तो उठला. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेलो.